अध्यात्म आणि राजकारण यांचा एकत्र अभ्यास कसा करावा: भूदानावरील अभ्यासमंडळासाठी

अध्यात्म, इतिहास आणि राजकारण यांवर एकत्र बोलायला बसलेली मंडळी फार लवकर मानवजातीच्या भवितव्यापर्यंत जाऊन पोहोचतात आणि मग चर्चेला कुठेच जमीन लागत नाही. म्हणून ज्याला तारीख आहे, गाव आहे आणि ज्यात कोणाचे तरी काही पणाला लागले होते, असा एकच प्रसंग निवडावा. माझ्या मते त्यासाठी भूदानासारखा, म्हणजे जमीन असणाऱ्यांकडून भूमिहीनांसाठी दान म्हणून जमीन मागण्याच्या विनोबा भाव्यांच्या चळवळीसारखा, विषय नाही. सहा-आठ जणांनी आठवड्यातून एकदा बसावे. त्यांत शेती करणारा निदान एक माणूस असावा आणि विनोबांविषयी मनात अढी असलेलाही एक असावा.

पहिल्या बैठकीत केवळ घटना समजून घ्यावी आणि मते राखून ठेवावीत. तेलंगणात १९४६पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालू होता. जमीनदार, रझाकार (निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक) आणि पुढे भारतीय सैन्य अशा साऱ्यांशी त्याचा सामना झाला. १९५१मध्ये विनोबा त्या प्रदेशातून पायी फिरत असताना १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीतील भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. गावातल्या लोकांना काही करता येईल का, असे विनोबांनी सभेत विचारताच वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देण्याची तयारी दाखवली. येथे थांबून प्रत्येकाने एका प्रश्नाचे उत्तर लिहून काढावे: भोवती सशस्त्र लढा नसता, तर हे दान झाले असते का? माझे उत्तर असे की भय आणि सद्भाव दोन्ही तेथे हजर होते आणि त्यांतले एक वगळून ही घटना सांगणारा अर्धेच सांगतो.

दुसऱ्या बैठकीत विचाराकडे वळावे. ईशावास्य उपनिषदाच्या पहिल्या मंत्रातील ‘तेन त्यक्तेन भुञ्जीथाः’ (त्यागपूर्वक उपभोग घ्या) हे वचन समोर ठेवावे आणि त्याच्या शेजारी विनोबांची प्रत्यक्ष मागणी मांडावी: तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा माना आणि माझा वाटा द्या. त्यागाचा उपदेश येथे वाटणीच्या हिशेबात उतरलेला दिसतो. मंत्राचा अर्थ सांगताना कोणी दहा मिनिटांहून अधिक बोलू लागल्यास त्याला नम्रपणे थांबवावे, कारण जमिनीचा प्रश्न बाजूला पडण्याचा धोका याच टप्प्यावर सर्वाधिक असतो.

तिसरी बैठक हिशेबाची. तिला सर्वाधिक वेळ द्यावा, हवे तर तिच्या दोन बैठका कराव्यात. उद्दिष्ट ५ कोटी एकरांचे होते आणि मिळालेली जमीन ४० लाख एकरांहून थोडी अधिक भरली; तिचा मोठा भाग बिहारमधला होता. त्यातही बरीच जमीन खडकाळ, नापीक किंवा वादातली निघाली आणि पुष्कळशी प्रत्यक्ष वाटलीच गेली नाही. हे आकडे मांडताना विनोबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. पण त्यांच्या तपश्चर्येचा आदर म्हणून आकड्यांकडे डोळेझाकही करू नये. दानपत्रावर सही होण्यापासून भूमिहीनाच्या नावाने सातबारा निघेपर्यंतचा प्रवास कागदावर आखावा आणि तो कोणत्या टप्प्यावर अडू शकतो हे मंडळातल्या शेतकऱ्याला विचारावे.

याच बैठकीत आंबेडकरी चळवळीतील नेते दादासाहेब गायकवाडांची बाजू पूर्ण ताकदीने मांडली जावी, आणि ती विनोबांविषयी सर्वाधिक आदर असलेल्या सदस्यानेच मांडावी. गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली आणि जमीन हक्क म्हणून मागितली गेली. दान घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते, हक्क मागणाऱ्याला नाही, हा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. तरीही देणाऱ्याच्या मनात पालट घडवण्याचे काम कायदा करू शकत नाही, हे विनोबांचे म्हणणे त्याने खोटे ठरत नाही. मंडळाने या दोहोंत निवाडा करण्याची घाई करू नये.

शेवटच्या बैठकीत वर्तमानाकडे यावे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे गाव येथे उपयोगी पडेल. तेथे सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि अभ्यासगट चालवण्याची जुनी रीत आहे. २००९मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०१३मध्ये ग्रामसभेने ग्रामदानाचा, म्हणजे जमिनीची मालकी गावाकडे सोपवण्याचा, निर्णय घेतला. त्यानंतर हाच प्रश्न पाण्याला लावून पाहावा: माझ्या शेताखालचे भूजल माझे की गावाचे? अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारच्या ग्रामसभेने सिंचनासाठी विंधनविहिरींवर बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची पद्धत रुजवली. आपल्या गावात किंवा सोसायटीत असा ताळेबंद कोण मांडील, त्यासाठी कोणती माहिती कोणाकडून मिळवावी लागेल आणि कोणाला काय सोडावे लागेल, हे नावानिशी लिहून घ्यावे. ते टिपण पुढच्या ग्रामसभेत किंवा सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवर घेण्याची विनंती लेखी द्यावी.