इंकजेटच्या प्रोफाइलमध्ये काळी शाई कुठून सुरू करायची?

नवरात्र झाली की वडोदऱ्यातल्या फोटोवाल्यांकडे गरब्याचे फोटो छापायला येतात. मागे रात्रीचा काळोख, पुढे आरसेकाम केलेली चनिया-चोळी आणि दिव्यांच्या उजेडातले चेहरे. काळोख राखाडी उतरला किंवा गालांवर बारीक काळे ठिपके दिसले की आपण प्रिंटरच्या नावाने बोटं मोडतो. पण पुष्कळदा खरी गडबड प्रोफाइलमध्ये, म्हणजे फोटोतला कुठला रंग किती शाईने छापायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, असते. काळी शाई कुठून सुरू करायची आणि किती घ्यायची, हे आपण ठरवलेलंच नसतं.

आधी पाहा, काळं तुमच्या हातात आहे का. नेहमीच्या ड्रायव्हरमधून छापत असाल तर प्रिंटरमध्ये आठ शाया असल्या तरी तो बाहेरून आरजीबीच (लाल-हिरवा-निळा) घेतो आणि कुठे किती काळं टाकायचं ते स्वतः ठरवतो. तिथे ड्रायव्हरच्या यादीतला कागदाचा प्रकार बदलून पाहणं एवढंच करता येतं. दोन-तीन प्रकारांत एकच गडद पट्टा छापा, ज्यात काळं सगळ्यात खोल आणि स्वच्छ येईल त्यावर प्रोफाइल करा आणि पुढे तोच प्रकार कायम ठेवा. यापुढचं सगळं रिपमधून, म्हणजे प्रत्येक शाई आपल्या हातात देणाऱ्या छपाईच्या सॉफ्टवेअरमधून, सीएमवायके (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा) म्हणून चालवलेल्या प्रिंटरसाठी आहे.

राखाडी रंग दोन वाटांनी येतो. सायन, मॅजेंटा आणि पिवळा एकत्र आणले तर ठिपका दिसत नाही, पण शाई जास्त लागते. शिवाय एखादी शाई जरा कमी-जास्त झाली की राखाडीत गुलाबी किंवा हिरवी झाक येते, आणि ट्यूबलाइटखाली वेगळी, उन्हात वेगळी दिसते. त्याऐवजी काळी शाई वापरली तर राखाडी स्थिर राहतं, पण उजळ भागात तिचे ठिपके डोळ्यांत येतात. ही अदलाबदल सगळ्या रंगांत केली तर तिला जीसीआर (ग्रे कॉम्पोनंट रिप्लेसमेंट) म्हणतात, फक्त गडद राखाडी भागांत केली तर यूसीआर (अंडर कलर रिमूव्हल).

आता क्रमाने. चकचकीत किंवा लस्टर कागदाला फोटो ब्लॅक, मॅट कागदाला मॅट ब्लॅक. इथे चुकलं तर पुढचं सगळं वाया. मग प्रत्येक शाईचा ० ते १०० टक्क्यांचा पट्टा, ५-५ टक्क्यांच्या पायरीने, छापा. रंग मोजणाऱ्या यंत्रावर काळ्याचा एल (उजळपणाचा) आकडा जिथे खाली उतरायचा थांबतो, तिथे त्या शाईची मर्यादा. त्यापुढे ओतलेली शाई फक्त वाळायला वेळ लावते. मर्यादा ठरल्या की लिनियरायझेशन करा, म्हणजे प्रत्येक शाईचा चढ ० पासून मर्यादेपर्यंत एकसारखा करून घ्या.

एकूण शाईची मर्यादा त्यानंतर. चारही शाया पूर्ण दिल्या तर ४०० टक्के होतात आणि फार थोडे कागद तेवढं पितात. २०० पासून वर चढत जाणारे गडद चौकोन छापा. जिथे शाई साचते, कडा पसरतात किंवा कागद लाटांसारखा उठतो, त्याच्या खाली थांबा. वडोदऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये कागद हवेतलाच ओलावा धरून बसलेला असतो, त्यामुळे शक्यतो एसीच्या खोलीत, पाकीट उघडून कागद तिथे रुळल्यावरच हे काम करा आणि पट्टे दुसऱ्या दिवशी मोजा. मग प्रोफाइलसाठी मोजायच्या रंगीत चौकोनांचा चार्ट बनवताना ही मर्यादा प्रोफाइलमध्ये द्यायच्या मर्यादेपेक्षा थोडी जास्त ठेवलेली बरी.

चार्ट छापून यंत्रावर वाचून झाला की मुख्य काम. आर्गिल या फुकट मिळणाऱ्या, प्रोफाइल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये काळ्याचा वक्र पाच आकड्यांनी देता येतो: पांढऱ्याशी काळं किती, ते चढायला कुठे लागतं, कुठे थांबतं, शेवटी किती असतं आणि वक्राचा आकार. शेवटचा आकडा १ असेल तर चढ सरळ. त्याहून कमी दिला तर काळं आधी दबून राहतं आणि शेवटी झपाट्याने चढतं. गरब्याच्या फोटोंसाठी मी ०, ०.३, ०.९, ०.९, ०.७ पासून सुरुवात करेन. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये याच गोष्टी सरकपट्ट्यांवर असतात. छापण्याआधी वक्र स्क्रीनवर आलेखात बघून घ्या. मध्येच कोपरा दिसला तर तो कागदावर पायरी होऊन उमटेल.

मग एक राखाडी पट्टा, एक चेहरा आणि एक काळोखा फोटो छापा. चेहऱ्यावर दाणे दिसले तर काळ्याचा सुरुवातीचा बिंदू (वरचा दुसरा आकडा) पुढे, गडद बाजूला ढकला. राखाडी खिडकीशी एक आणि दिव्याखाली दुसरं दिसत असेल तर तो मागे आणा. काळोख फिका वाटला तर काळं वाढवत सुटू नका. नुसत्या काळ्या शाईपेक्षा तिच्याखाली थोडे रंग असले की काळं सहसा जास्त खोल होतं, म्हणून एकूण मर्यादेत त्यांना जागा सोडा.

एकच वक्र सगळीकडे चालवण्याचा हट्ट मला पटत नाही. फाइन आर्ट्सचा एखादा विद्यार्थी चारकोलची चित्रं मॅट कागदावर छापायला आणतो, तेव्हा तिथे चेहऱ्याच्या नितळपणापेक्षा राखाडीचा तटस्थपणा महत्त्वाचा, आणि खरबरीत कागदात ठिपके लपतातही. तिथे काळं बिनधास्त लवकर सुरू करा. प्रिंटरमध्ये फिकी काळी शाई असेल तर फोटोंनाही तेवढी भीती नाही.

यासाठी चार्ट पुन्हा छापावा लागत नाही. वाचलेली आकड्यांची फाइल तीच ठेवून वेगवेगळ्या वक्रांची प्रोफाइलं बनवता येतात. फाइलच्या नावात कागद आणि सुरुवातीचा बिंदू लिहून ठेवा. कागद, शाई किंवा लिनियरायझेशन बदललं, की मात्र नवा चार्ट.