आधी पाठ बघा : ब्रुकलिन डॉजर्सचे जुने फोटो आणि वस्तू जमवताना या चुका टाळा

माझ्याकडे एक बेसबॉल आहे. पिवळट पडलेला, शिवणीचा लाल दोरा विटलेला, सगळीकडून सह्यांनी भरलेला. विकणाऱ्याने ‘१९४९ चा ब्रुकलिन डॉजर्सचा संघ’ म्हणून दिला. (डॉजर्स म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला तेव्हाचा बेसबॉल संघ.) जॅकी रॉबिन्सन, पी वी रीस, ड्यूक स्नायडर अशी एकेक नावं दिसल्यावर मी काय कपाळ तपासणार? पैसे मोजून मोकळी झाले. घरी आल्यावर चष्मा लावून चेंडूवरचा छापील शिक्का वाचला. नॅशनल लीगचे (अमेरिकेतल्या दोन मुख्य बेसबॉल लीगांपैकी एक, डॉजर्स तिच्यातले) अध्यक्ष : वॉरन गाइल्स. आता हे गाइल्स अध्यक्ष झाले १९५१ मध्ये. त्याआधी, १९३४ पासून, अध्यक्ष होते फोर्ड फ्रिक आणि लीगच्या अधिकृत चेंडूवर त्यांचं नाव असायचं. म्हणजे १९४९ च्या खेळाडूंनी अजून जन्माला न आलेल्या चेंडूवर सह्या केल्या होत्या.

सह्या वाचल्या, चेंडू वाचला नाही. या छंदातल्या निम्म्या चुका याच एका जातीच्या आहेत.

मी न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत राहते. इथल्या आपल्या मराठी मंडळींना बहुतेक माहीत नसतं, पण डॉजर्स १९५६ मध्ये सात आणि १९५७ मध्ये आठ ‘घरचे’ सामने ब्रुकलिनऐवजी जर्सी सिटीच्या रूझवेल्ट स्टेडियमवर खेळले. १९५८ पासून संघ लॉस एंजेलिसला गेला, १९६० मध्ये ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड पाडलं. संघ गेला, मैदान गेलं. मग उरलेल्या कागदाच्या कपट्यालाही भाव आला आणि भावाबरोबर लबाडीही आली. माझा हात पोळलाय, म्हणून हे लिहिते.

फोटो कधी काढला आणि कधी छापला, हे एकच समजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. निगेटिव्ह १९४७ चं असतं, तुमच्या हातातला कागद १९८५ चा असू शकतो. बाजारात याची चार प्रकारांत वर्गवारी करतात. मूळ निगेटिव्हवरून साधारण दोन वर्षांच्या आत काढलेली प्रिंट म्हणजे टाइप १. त्याच निगेटिव्हवरून नंतर काढलेली, टाइप २. नकली निगेटिव्हवरून किंवा तारेने आलेल्या चित्रावरून त्याच काळात काढलेली टाइप ३, आणि तशीच पण नंतरची, टाइप ४. (‘नकली’ म्हणजे इथे फसवी नव्हे, नक्कल केलेली.) दिसायला चारही सारख्या, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. विकणारा नुसतं ‘१९४७ चा फोटो’ म्हणत असेल तर तो खोटं बोलत नसेलही. तुम्ही विचारलंच नाहीत की कागद कधीचा.

कागदाचं वय ओळखायला फोटो उलटा करा. पाठीवर यूपीआयचा (युनायटेड प्रेस इंटरनॅशनल) शिक्का आहे? ही वृत्तसंस्था मे १९५८ मध्ये युनायटेड प्रेस आणि इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस एकत्र येऊन झाली. तेव्हा १९४७ च्या फोटोवर तो शिक्का असेल तर छपाई, किंवा निदान तो शिक्का, अठ्ठावन्ननंतरचा. छायाचित्रकाराच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड) आहे? तो जुलै १९६३ मध्ये सुरू झाला. कागद प्लास्टिकसारखा गुळगुळीत आणि पाठीमागूनही चकचकीत लागतो? असा रेझिनचा थर दिलेला कागद १९७० च्या आसपास रुळला. त्याआधीच्या प्रिंटा साध्या, जरा वळलेल्या कागदावर असतात.

अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च मारून बघण्याचीही पद्धत आहे. कागद पांढराशुभ्र करणारी रसायनं फोटोच्या कागदात १९५० च्या दशकाच्या मध्यापासून यायला लागली. ती टॉर्चखाली निळसर पांढरी चमकतात. १९४७ चा म्हणून दिलेला फोटो दिव्यासारखा लखलखला तर नमस्कार करून परत द्या. मात्र उलटं खरं नाही. चमकला नाही म्हणून तो जुनाच, असं होत नाही. ही रसायनं नसलेला कागद नंतरही मिळत होता. हे लोक हमखास विसरतात.

आणि एक साधं भिंग ठेवा, दहा पटींचं. खऱ्या फोटोत करड्या छटा सलग असतात. ठिपक्यांची जाळी दिसली की तो मासिकातून किंवा कॅलेंडरमधून कापलेला कागद.

समोरच्या बाजूचे पुरावे अर्धवट वाचणं

डॉजर्सच्या पांढऱ्या जर्सीवर छातीवर लाल आकडा आला १९५२ मध्ये. कृष्णधवल फोटोत तो गडद करडा दिसतो, पण दिसतो. तेव्हा छातीवर ४२ मिरवणारा रॉबिन्सन ‘पदार्पणाच्या वर्षीचा’ असूच शकत नाही. त्याचं पदार्पण १५ एप्रिल १९४७ चं. डॉजर्सचा पिचर (गोलंदाज) डॉन न्यूकॉम्ब तर १९५२ आणि ५३ हे दोन्ही हंगाम लष्करात होता, म्हणून आकडेवाल्या जर्सीत तो सामना खेळताना दिसला की वर्ष ५४ किंवा पुढचं. रॉबिन्सनच्या हातात पहिल्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकाचा रुंद मिट (हातमोजा) असेल तर फोटो बहुधा १९४७ चाच, कारण १९४८ पासून तो मुख्यतः दुसऱ्या बेसवर गेला. आणि तो १९५६ च्या हंगामानंतर निवृत्त झाला, तेव्हा त्याची सही असलेला ‘१९५७ च्या संघाचा’ चेंडू कुणी दाखवला तर चहा पिऊन उठा.

मैदानाचंही तसंच. उजव्या बाजूच्या धावफलकावर शेफर बिअरची मोठी पाटी आणि त्याखाली एब स्टार्क या कपडेवाल्याची ‘पाटीला चेंडू मारा, सूट मिळवा’ ही जाहिरात, हे एबेट्स फील्ड. शेफरच्या नावातली एच आणि ई ही अक्षरं पेटून हिट (फलंदाजाचा खरा फटका) की एरर (क्षेत्ररक्षकाची चूक) ते सांगायची. मला तो धावफलक इतका आवडतो की फोटोतला खेळाडू कोण हे मी कधी कधी नंतर बघते.

पाठ ‘स्वच्छ’ करणं

वाचताना पोटात गोळा येईल, पण लोक हे करतात. वर्तमानपत्राच्या संग्रहातून आलेल्या फोटोच्या पाठीवर पिवळ्या कागदावर टंकलेला मजकूर चिकटवलेला असतो, त्यावर तारखांचे तीन-चार शिक्के, कुणाची तरी पेन्सिल. समोर मेणाच्या पेन्सिलीने आखलेल्या कापायच्या रेषा, खेळाडूच्या टोपीभोवती पांढरा रंग. एका ओळखीच्या बाईंनी ती ‘घाण’ ओल्या बोळ्याने काढली. फोटो छान दिसायला लागला आणि त्याची जन्मपत्रिका कचऱ्यात गेली. तो पांढरा रंग संपादकीय विभागातल्या कलाकाराने छपाईत टोपी उठून दिसावी म्हणून दिलेला असतो. तसाच राहू द्या. गडद भागावर, विशेषतः कडांना, आरशासारखी निळसर चंदेरी झाक येते, तीही पुसायची नाही. ती चांदी वर आल्याची खूण आहे आणि जुनेपणाचा बऱ्यापैकी भरवशाचा पुरावा आहे.

तारखांच्या शिक्क्यांबद्दल सावकाश. शिक्का फोटो काढल्याची तारीख सांगतोच असं नाही. बरेचदा तो छापल्याची किंवा परत फाइलीत ठेवल्याची तारीख सांगतो. रॉबिन्सन २४ ऑक्टोबर १९७२ रोजी गेला, तेव्हा वर्तमानपत्रांनी फाइली उघडून जुने फोटो काढले. त्यामुळे १९४७ च्या फोटोवर ऑक्टोबर ७२ चा शिक्का दिसला म्हणून दचकू नका. कदाचित तोच खरा जुना फोटो असेल, पंचवीस वर्षं फाइलीत पडून राहिलेला.

संघाच्या चेंडूवरच्या सगळ्या सह्या खेळाडूंच्या असं धरून चालणं

त्या काळी चेंडूंचे खोकेच्या खोके सहीसाठी यायचे. खेळाडू कंटाळायचे, मग ड्रेसिंग रूममधला बॅट सांभाळणारा मुलगा बसून सगळ्यांच्या नावाने सह्या ठोकायचा. डॉजर्सच्या संघातही हे सर्रास चालायचं. अशा सह्यांना आज वेगळं नावच आहे, ‘क्लबहाउस’ सह्या. चेंडू खरा, काळ खरा, खोलीही तीच, फक्त हात दुसऱ्याचा. ओळखायची खूण म्हणजे सगळ्या नावांचा दाब, तिरकसपणा आणि शाई एकाच घरातली वाटते. दुसरा प्रकार मैदानावर विकल्या जाणाऱ्या छापील सह्यांच्या चेंडूंचा. भिंगाखाली तिथे कुठे पेन उचलल्याची, शाई साचल्याची खूण नसते.

रॉय कॅम्पनेलाच्या बाबतीत फार जपा. तो डॉजर्सचा कॅचर, म्हणजे साधारण आपला यष्टिरक्षक. २८ जानेवारी १९५८ च्या पहाटे त्याची गाडी उलटली आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. लॉस एंजेलिसला तो एकही सामना खेळला नाही. त्यानंतरच्या काळातल्या वस्तूवर त्याची सफाईदार, वळणदार सही दिसली तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातची असण्याची शक्यता मोठी. पेनाकडेही बघा. बॉलपेन अमेरिकेत १९४५ च्या अखेरीस विकायला आलं, शार्पी हे मार्कर पेन १९६४ मध्ये. ‘५५ सालीच घेतलेली’ सही जाड शार्पीतली असेल तर पुढे बोलायची गरज नाही.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर विकणाऱ्याने स्वतःच्याच प्रिंटरवर काढलेल्या प्रमाणपत्राला किंमत त्या कागदाएवढी. एफबीआयने १९९० च्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये खोट्या सह्यांची टोळी पकडली, तेव्हा त्या मालाबरोबरही प्रमाणपत्रं होतीच.

तिकिटं

डॉजर्सनी ब्रुकलिनमध्ये असताना वर्ल्ड सिरीज (दोन्ही लीगांच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) जिंकली ती एकदाच, ४ ऑक्टोबर १९५५ रोजी, सातव्या सामन्यात न्यूयॉर्कच्याच यांकीज संघाला २-० असं हरवून. ‘एबेट्स फील्डवरच्या त्या ऐतिहासिक सामन्याचं तिकीट’ म्हणून कुणी काही पुढे केलं तर एवढंच लक्षात ठेवा की तो सामना यांकी स्टेडियमवर झाला. एबेट्स फील्डवर झाले तिसरा, चौथा आणि पाचवा.

घरी आणल्यावरच्या चुका

लॅमिनेशन करू नका. सेलोटेप, रबरबँड, चिकट पानांचे अल्बम, पीव्हीसीचे वास मारणारे पाउच, सगळं बाद. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे पाउच घ्या. चेंडू खिडकीत ठेवू नका, सही उन्हात उडून जाते. चमक यावी म्हणून व्हार्निश तर नकोच. जुन्या लोकांनी तसं केलेले चेंडू आज गुळाच्या ढेपेसारखे तपकिरी झालेत.

फोटो भारतात नेणार असाल तर पावसाळ्याचा विचार आधी करा. मी ठाण्याला दादाला एक फोटो भेट दिला. त्याने हौसेने फ्रेम केली, काच थेट फोटोला टेकवून, आणि भिंत नेमकी पश्चिमेची. दोन पावसाळ्यांत फोटोवरचा जिलेटिनचा थर ओल धरून काचेला चिकटला. त्याचा फोन आला, ‘अगं, ओढून काढू का?’ म्हटलं, हात लावू नकोस. असा चिकटलेला फोटो ओढला की चित्र काचेवर राहतं आणि कागद हातात. काचेसकट स्कॅन करून घ्यायचा आणि संवर्धनाचं काम जाणणाऱ्याकडे द्यायचा. नवी फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट हवी, म्हणजे मध्ये हवा राहते. कपाटात ठेवणार असाल तर डब्यात सिलिका जेल, आणि ते वेळच्या वेळी बदलायचं. डांबराच्या गोळ्या नकोत.

माझा गाइल्सवाला चेंडू अजून फळीवर आहे, शिक्का समोर करून ठेवलाय. त्याच्या शेजारी एक फोटो आहे, जुन्या कागदांच्या बाजारात ‘एबेट्स फील्ड, वर्ष माहीत नाही’ अशी चिठ्ठी लावलेल्या खोक्यातून घेतलेला. धावफलक ओळखीचा वाटेना. उलटा केला तर पाठीवर टंकलेलं होतं : जर्सी सिटी, १९ एप्रिल १९५६. डॉजर्सचा आमच्या गावातला पहिला सामना. विकणाऱ्याने चिठ्ठीवरचीच किंमत लावली.