उजळणीसाठी वर्गात आठवडी बाजार कसा भरवावा

प्रथम सत्राची परीक्षा तोंडावर आली की चौथीच्या वर्गात हातच्याच्या बेरजा, वजाबाक्या, पाढे आणि वजनमापे यांची उजळणी सुरू होते आणि तीच उदाहरणे तिसऱ्यांदा वहीत उतरवताना मुलांचे लक्ष खिडकीबाहेर जाते. अशा वेळी सलग दोन तासिका मोकळ्या करून वर्गातच बाजार भरवावा. पुष्कळ शाळांत बाल आनंद मेळावा होतो, परंतु तेथे भेळ आणि वडे यांच्या गडबडीत हिशेब बहुधा मोठी माणसेच उरकतात. म्हणून या बाजारात खाण्याचा पदार्थ ठेवू नये. खडे, चिंचोके, वाळकी पाने यांनाच कांदे-बटाटे आणि भाजी म्हणावे. मुलांची त्याला काहीच हरकत नसते.

सर्वांत आधी भाव ठरवावेत, आणि खरे काम तेच आहे. किलोचा भाव चारने निःशेष भाग जाणारा असावा. कांदा 28, बटाटा 32, टोमॅटो 36 आणि शेंगदाणे 120 रुपये किलो ठेवले, तर पाव किलोचे अनुक्रमे 7, 8, 9 आणि 30 रुपये होतात. अर्ध्या आणि पाऊण किलोची किंमत त्यावरून काढता येते. केळी 60 रुपये डझन ठेवावीत, म्हणजे बाराच्या पाढ्याचीही उजळणी होते.

त्यानंतर वजने तयार करावीत. पिशव्यांत वाळू भरून किराणा दुकानातील काट्यावर 50 ग्रॅमच्या दोन, 100 ग्रॅमच्या दोन, 200 ग्रॅमची एक आणि 500 ग्रॅमची एक अशा पिशव्या मोजून आणाव्यात. सर्व मिळून बरोबर एक किलो भरते. 250 ग्रॅमची पिशवी मुद्दाम करू नये. भाजीवालाही पावशेर मोजताना 200 आणि 50 अशी दोन वजने पारड्यात टाकतो. ती जुळवाजुळव मुलांनी स्वतः करावी. कपडे टांगायच्या हँगरच्या दोन टोकांना सारख्या वजनाच्या टोपल्या बांधल्या की तराजू होतो. तो रिकामा असताना समतोल राहतो का, हे आधी पाहावे.

पैशांसाठी पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर आकडे लिहावेत. खऱ्या नोटांच्या रंगीत झेरॉक्स काढू नयेत, कारण नोटेसारखा दिसणारा कागद छापणे हा कायद्याने गुन्हा आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला शंभराची एक, पन्नासची एक, वीसच्या दोन आणि दहाची एक अशा 200 रुपयांच्या नोटा द्याव्यात, मात्र नाणे एकही देऊ नये. सुट्यांची अडचण झाल्याशिवाय वजाबाकीला तोंड फुटत नाही. प्रत्येक गल्ल्यात सुरुवातीला 100 रुपयांचे सुटे ठेवावेत.

छत्तीस मुलांच्या वर्गात सहा दुकाने पुरतात. प्रत्येक दुकानात एकाने वजन करावे, एकाने गल्ला सांभाळावा आणि एकाने वहीत पावती लिहावी. उरलेली अठरा मुले गिऱ्हाइके होतील. अर्ध्या तासाने अदलाबदल करावी. घासाघीस चालू द्यावी, पण ती रुपया-दोन रुपयांपुरतीच असावी आणि ठरलेली किंमत पावतीवर लिहिलेली असावी. घासाघीस मुळीच नसेल तर तो बाजार कसला?

पावतीचा आग्रह सोडू नये. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारात काम करणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडी हिशेब सफाईने करणारी ही मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या उदाहरणांत अडखळतात, असे त्यात दिसले. तोंडचा हिशेब कागदावर उतरवण्याची सवय वेगळी लावावी लागते.

बाजार चालू असताना शिक्षकांनी चुका दुरुस्त करू नयेत. ते काम गल्ला करतो. बाजार उठल्यावर प्रत्येक दुकानाने सुरुवातीचे 100 रुपये आणि पावत्यांची बेरीज मिळवून गल्ल्यातील रकमेशी ताडून पाहावी. समजा, कांदा-बटाट्याच्या दुकानात 346 रुपयांची विक्री झाली. गल्ल्यात 446 रुपये हवेत, पण 430 च निघाले. हे 16 रुपये शोधताना पाऊण किलो बटाटा 24 आणि अर्धा किलो कांदा 14, एकूण 38 रुपये, अशी पावती सापडते. गिऱ्हाइकाने पन्नासची नोट दिली होती आणि गल्ल्यावरच्या मुलाने 28 रुपये परत केले होते. शून्यातून आठ जात नाहीत, म्हणून त्याने आठातून शून्य वजा केले आणि पाचातून तीन काढले. ही चूक वहीवर लाल शाईने कितीदा दाखवली तरी मुले ती पुन्हा करतात. येथे मात्र दुकानाला 16 रुपयांची खोट आली, हे तीन मुलांनी आपल्या हातांनी मोजलेले असते.

तेव्हाच दुकानदाराची रीत दाखवावी: अडतीसवर दोन ठेवले की चाळीस, त्यावर दहा ठेवले की पन्नास, म्हणून बारा परत. मग तीच वजाबाकी फळ्यावर हातचा घेऊन मांडावी आणि दोन्ही उत्तरे जुळतात हे मुलांना पाहू द्यावे.

चुकलेल्या पावत्या नावे झाकून जपून ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशीच्या सराव चाचणीसाठी दहा उदाहरणे त्यांतूनच मिळतात.