कविता वहीतून फोनवर नेताना

वहीतली कविता फोनवर जाताना वाटेत तीन गोष्टी गळतात: जोडाक्षर, ओळ आणि कवीचं नाव. लाइक किती पडले हे मोजत बसण्याआधी या तीन गळती बंद करा.

जुन्या कविता डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये पडून असतील तर तिथून उचलून तशाच पेस्ट करू नका. त्या फॉन्टांत मराठी अक्षरामागे रोमन चिन्हं दडलेली असतात, त्यामुळे समोरच्याच्या फोनवर कवितेऐवजी चिन्हांचा चिखल दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्या आणि मग मूळ कागद शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून वाचा. रूपांतरात रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि 'ऱ्य' या तीन जागी चुका राहतात. 'ऱ्य'ची चूक सगळ्यांत महाग पडते, कारण तिने शब्द मोडत नाही, बदलतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. पन्हाळ्यावरच्या कवितेत समुद्र शिरला तर वाचक तो टंकदोष मानेल की प्रतिमा, सांगता येत नाही. नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग य, असं टाइप केलं की बरोबर उमटतं. कीबोर्डने सुचवलेला पहिला शब्द डोळे झाकून घेतला की इथे फसगत होते.

ओळ कुठे तोडायची

फोनचा पडदा अरुंद. लांब ओळ तो त्याच्या सोयीने तोडतो, छंदाच्या नाही. शार्दूलविक्रीडित वृत्तातली, कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरची ही ओळ घ्या, १९ अक्षरांची:

रंकाळ्यावरती पुन्हा सर अशी वाऱ्यासवे धावली

फोनवर ती बऱ्याचदा अशी पडते:

रंकाळ्यावरती पुन्हा सर अशी वाऱ्यासवे
धावली

शेवटचा शब्द एकटाच खाली लोंबकळतो आणि वाचणाऱ्याची लय अडखळते. या वृत्तात यती, म्हणजे ओळीतला थांबा, १२व्या अक्षरावर आहे. मग ओळ तिथेच आपल्या हाताने तोडावी:

रंकाळ्यावरती पुन्हा सर अशी
वाऱ्यासवे धावली

मंदाक्रांता १७ अक्षरांची, यती ४, ६ आणि ७ वर; तिथे पहिल्या १० अक्षरांनंतर तोडलं तर ओळ सुखाने बसते. गझलेचा मिसरा, म्हणजे दोन ओळींच्या शेरातली एक ओळ, मात्र शक्यतो तोडू नये. देवप्रिया वृत्तात १५ अक्षरं, व्योमगंगेत १६, एवढी ओळ बहुतेक फोनवर मावते. मावत नसेल तर मिसरा तोडण्यापेक्षा अक्षर लहान करा. दोन शेरांच्या मधे एक रिकामी ओळ ठेवा, नाहीतर रदीफ, म्हणजे शेराअखेर पुन्हा पुन्हा येणारा शब्द, एकाखाली एक न दिसता गर्दीत हरवतो. अष्टाक्षरी आणि अभंग फोनसाठीच जन्मल्यासारखे आहेत, त्यांची काळजी नको. मुक्तछंदात सर्वांत लांब ओळ आधी स्वतःलाच पाठवा आणि एखाद्या जुन्या, लहान पडद्याच्या फोनवर उघडून बघा. आपल्या मोठ्या फोनवर सगळंच छान दिसतं.

व्हॉट्सॲपचा एक खोडसाळपणा माहीत असू द्या. ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ आणि पुढे जागा सोडली की तो त्या रेघेचा यादीतला ठिपका करतो. संवादाच्या कवितेत आणि खाली रेघ ओढून नाव लिहिताना हे हमखास होतं. रेघेला शब्द चिकटवा किंवा रेघच टाळा. शीर्षक ठळक हवं तर दोन्ही बाजूंना तारका, पण तारका आणि अक्षर यांत जागा नको.

नाव वर, खाली आणि आत

लांब संदेशाचा शेवट 'आणखी वाचा'च्या मागे जातो. नाव फक्त तळाशी असेल तर ते दिसतच नाही, आणि कॉपी करणाऱ्याच्या हातून पहिल्यांदा तेच सुटतं. चार ग्रुप फिरून कविता परत येते तेव्हा खाली 'संकलित' लिहिलेलं असतं. ही तक्रार कोल्हापूरच्या गंगावेशीपासून गडहिंग्लजपर्यंत प्रत्येक कवीकडे मिळेल. म्हणून शीर्षकाच्या ओळीतच नाव लिहा, खाली पुन्हा नाव, गाव, महिना आणि साल. गझल असेल तर मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, तखल्लुस (कवीचं टोपणनाव) गुंफण्याची जुनी रीत इथे फार उपयोगी पडते, ती काढायची तर शेरच मोडावा लागतो.

कायदा कवीच्या बाजूने आहे. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ प्रमाणे कविता लिहिली गेली की हक्क आपोआप तयार होतो, नोंदणीची सक्ती नाही. कलम ५७ नुसार कर्ता म्हणून आपलं नाव सांगण्याचा हक्क, प्रताधिकार दुसऱ्याला दिला तरी, कवीकडेच राहतो. नाव काढलेलं दिसलं तर आधी तारखेसह स्क्रीनशॉट, मग त्या माणसाला खाजगीत साधा निरोप: 'ही कविता माझी आहे, नाव घालून पुन्हा टाकता का?' बरेच जण लाजून दुरुस्त करतात. नाही केलं तर त्या त्या ॲपचा प्रताधिकार-तक्रारीचा फॉर्म भरा. सगळ्यांसमोर भांडण मात्र काढू नका; लोक भांडण वाचतात आणि कविता विसरतात.

हाच नियम आपल्यालाही लागू. दुसऱ्यांच्या कविता आपल्या पानावर टाकताना कवीच्या निधनानंतर ६० वर्षं झाली आहेत का ते बघा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवलेले माधव जूलियन १९३९ साली गेले, त्यांच्या कविता आता खुल्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यामुळे त्यांच्या कवितांसाठी २०५९ सरेपर्यंत परवानगी लागेल.

चित्र करताना

इन्स्टाग्रामसाठी १०८० बाय १३५० पिक्सेलचं उभं चित्र घ्या, दोन्ही कडांना १०० पिक्सेल मोकळे सोडा, एका चित्रात ८ ते १० ओळी पुरे. कविता मोठी असेल तर कडव्यागणिक पान करा. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट फुकट मिळतात. फॉन्ट निवडताना 'ल' आणि 'श' बघा, कारण पुष्कळ फॉन्टांत हे दोन हिंदी वळणाचे येतात आणि मराठी डोळ्याला काहीतरी खुपत राहतं. ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा. त्याहून कमी ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जात असेल किंवा 'क्ष' फुटत असेल, तर त्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू केलेली नाही असं समजा. मागे गुलाब, मेणबत्ती, सूर्यास्त कशाला? पांढरा किंवा मळकट कागदी रंग बास.

चित्रातली कविता खालच्या मजकुरातही पूर्ण लिहा. तिथे २२०० चिन्हांची मुभा असते, त्यात बहुतेक कविता बसते. चित्रातली अक्षरं दृष्टिहीन वाचकाच्या फोनला नीट वाचून दाखवता येत नाहीत, आणि दोन वर्षांनी एखाद्या ओळीवरून कविता शोधणाऱ्यालाही ती चित्रातून सापडत नाही.

बोलीतला शब्द असेल तर तो बदलू नका. गुऱ्हाळातले 'चुलवाण' (रस उकळायची भट्टी), 'काहील' (मोठी कढई), 'गुळव्या' (गूळ करणारा) हे शब्द करवीर तालुक्यात कुणी विचारणार नाही, नागपूरचा वाचक मात्र थांबेल. कवितेखाली एका ओळीत अर्थ द्या. कवितेच्या पोटात कंस घालू नका.

आवाज

रंकाळ्यावर संध्याकाळी रेकॉर्डिंग करायचा मोह होतो. वारा थेट माइकात शिरतो आणि 'फ', 'भ', 'ख' उडून जातात. घरातली कपड्यांच्या कपाटाची खोली उत्तम, गोधड्या असतील तर आणखी बरं. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, तोंडापासून वीतभर लांब आणि जरासा तिरका. सुरुवातीला आणि शेवटी दोन सेकंद गप्प बसा, कापायला जागा मिळते. जुलैत पत्र्याच्या घरात मात्र पाऊस थांबेपर्यंत थांबावं लागेल, त्याला इलाज नाही. व्हिडिओवर ओळी स्वतः टाइप करा, आपोआप उमटणाऱ्या अक्षरांना कोल्हापुरी बोली झेपत नाही. त्या ओळी पडद्याच्या खालच्या पाचव्या हिश्शात नकोत, तिथे ॲपचं नाव आणि बटणं येतात.

वाचक

पन्नास ग्रुपांत कविता टाकून वाचक मिळत नाहीत, 'खूप छान' मिळतं. त्यापेक्षा व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात, आणि उत्तर फक्त तुम्हाला येतं, म्हणून लोक मोकळेपणाने लिहितात. अट एकच: समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला हवा, नाहीतर संदेश पोचतच नाही. शाहू स्मारक सभागृहात किंवा वाचनालयात कविता वाचायला गेलात तर खिशात छोटी चिठ्ठी ठेवा: एक कविता, नाव आणि किमान दोन सेंटिमीटरचा क्यूआर कोड, जो स्कॅन केला की 'कविता पाठवा' एवढा निरोप तयार होऊन तुमचं चॅट उघडेल. घरचा नंबर वाटायचा नसेल, विशेषतः कवयित्रींना ही अडचण येते, तर वेगळं सिम घ्या किंवा चॅनेल काढा. चॅनेलवर तुमचा नंबर दिसत नाही, पण वाचकाचं पत्रासारखं उत्तरही येत नाही.

आठवड्याला एकच कविता. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा पूर असतो, तुमची कविता दोन दिवस आधी जाऊ द्या. आणि खराखुरा पूर असेल तेव्हा गप्प राहा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे चालली की सगळं शहर फोनवर आकडे बघत असतं. त्यात चिंब प्रेमाची कविता आली तर वाचक तुमचा नंबरच काढून टाकेल.

उत्तर आलं की नुसते हात जोडू नका. एक नेमका प्रश्न विचारा: 'तिसऱ्या कडव्यातला चुलवाण डोळ्यांसमोर आला का?' दुसऱ्याच्या कवितेवर लिहितानाही तिच्यातली एक ओळ उचलून त्या ओळीबद्दलच लिहा. चाळीस जणांना टॅग करण्यापेक्षा अशी दहा उत्तरं जास्त माणसं जोडतात.

एक वही मात्र हवी, कागदी किंवा एक्सेलची: कविता, लिहिल्याची तारीख, कुठे टाकली, कुठे छापली. दिवाळी अंक आणि स्पर्धा बऱ्याचदा अप्रकाशित कविता मागतात, आणि फेसबुकवर टाकलेली कविता अनेक संपादक प्रकाशितच धरतात. अंकांसाठी राखलेल्या कवितांपुढे खूण करा आणि त्या निर्णय कळेपर्यंत स्टेटसलाही लावू नका, चोवीस तासांनी पुसला जाणारा असला तरी.