आयन रँडच्या तत्त्वज्ञानाचं अभ्यासमंडळ: बारा बैठकी कशा चालवाव्यात

आयन रँड या अमेरिकन लेखिका-तत्त्वज्ञावर मंडळ काढायचं ठरलं की बहुतेक जण 'द फाउंटनहेड' (१९४३) किंवा 'अ‍ॅटलस श्रग्ड' (१९५७) घेऊन येतात, आणि मंडळ पहिल्याच बैठकीत भरकटतं. 'द फाउंटनहेड'चा नायक हॉवर्ड रोर्क पटला की नाही पटला, एवढ्यावर दोन तास जातात. पात्र आवडणं वेगळं आणि युक्तिवाद पटणं वेगळं. म्हणून एक तरी कादंबरी प्रत्येकाने घरी वाचून यावी आणि बैठकीचं काम निबंधांवर चालवावं. त्यासाठी 'द व्हर्च्यू ऑफ सेल्फिशनेस' (१९६४) हा संग्रह मुख्य धरा. पुढच्या बैठकींसाठी 'इंट्रोडक्शन टू ऑब्जेक्टिव्हिस्ट एपिस्टेमॉलॉजी' हे तिचं ज्ञान आणि संकल्पनांवरचं पुस्तक लागेल ('ऑब्जेक्टिव्हिझम' हे तिने आपल्या तत्त्वज्ञानाला दिलेलं नाव).

माणसं सहा ते दहा असावीत. पाचच असतील तर दोघं गैरहजर राहिल्यावर बैठक कोलमडते. दहाच्या वर गेली तर दोन तासांत बोलायला प्रत्येकाच्या वाट्याला धड दहा मिनिटंही येत नाहीत. बैठक पंधरवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दोन तास. दर आठवड्याला ठेवली तर वाचन होत नाही. महिन्यातून एकदा ठेवली तर मागचा धागा कुणाच्या लक्षात राहत नाही. जागा वाचनालयाची खोली किंवा आळीपाळीने सभासदांचं घर. कायम एकाच घरी भेटलं की यजमान नकळत मंडळाचा प्रमुख होऊन बसतो. पुस्तक प्रत्येकाने स्वतःचं विकत घ्यावं. पूर्ण संग्रहाच्या झेरॉक्स वाटू नका: कॉपीराइट हा मालमत्तेचाच हक्क आहे असं रँडने एका निबंधात मांडलं आहे, आणि मंडळाला तो निबंधही वाचायचा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. प्रत्येकाने घरून अर्धं पान लिहून आणायचं. वरच्या भागात त्या दिवशीच्या मजकुरातला एक युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत, खाली त्यावर एक आक्षेप. बैठकीची पहिली वीस मिनिटं ही अर्धी पानं एकामागून एक वाचायची, मध्ये कुणी बोलायचं नाही. हे टाळलं की काय होतं ते ठरलेलं आहे. ज्याचं वाचन जास्त किंवा आवाज मोठा, तो आधी बोलतो आणि बाकीचे त्याच्या मताच्या अलीकडे-पलीकडे बोलत राहतात. स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यावा असं सांगणारं तत्त्वज्ञान घोळक्याने मान डोलवत शिकण्यात अर्थ नाही. या चळवळीच्या इतिहासातही हा धोका दिसतो. १९५८ मध्ये रँडचा निकटचा सहकारी नॅथॅनिएल ब्रँडनने न्यूयॉर्कमध्ये रँडच्या विचारांवर व्याख्यानमाला सुरू केली; पुढे दुसऱ्या शहरांत त्याच व्याख्यानांच्या टेप लावून लोक एकत्र ऐकत. टेपला उलट प्रश्न विचारता येत नाही. १९६८ मध्ये रँड आणि ब्रँडन वेगळे झाले, ही व्याख्यानं चालवणारी ब्रँडनची संस्था बंद पडली आणि कुणाची बाजू घ्यायची हा अनुयायांपुढचा प्रश्न झाला.

उरलेली वेळ अशी वाटावी: चाळीस मिनिटं फक्त मजकूर काय म्हणतो यावर, चाळीस मिनिटं आक्षेपांवर, पंधरा मिनिटं शब्दवहीसाठी (इंग्रजी संज्ञांचे मराठी प्रतिशब्द ठरवून लिहायची वही) आणि पाच मिनिटं पुढचं वाचन ठरवायला. पहिल्या चाळीस मिनिटांत 'मला वाटतं' असं बोलणं बंद. बोलणाऱ्याने परिच्छेदावर बोट ठेवून बोलावं. सूत्रधार दर बैठकीला बदलावा, आणि त्या दिवशी त्याने स्वतःचं मत मांडू नये.

पहिली बैठक संग्रहाच्या प्रस्तावनेवर घ्या. पुढच्या तीन 'द ऑब्जेक्टिव्हिस्ट एथिक्स' या एकाच निबंधाला द्या. १९६१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात वाचलेला हा निबंध जेमतेम पंचवीस पानांचा आहे, पण सगळी इमारत त्यावर उभी आहे. फळ्यावर साखळी मांडा. मूल्य म्हणजे जे मिळवण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी आपण कृती करतो ते. मूल्य असायचं तर समोर पर्याय हवा, आणि जगणं की मरणं हा मूळ पर्याय फक्त सजीवांपुढे असतो. माणूस बुद्धीच्या आधारे तगतो, बुद्धी वापरणं त्याच्या इच्छेवर अवलंबून असतं, म्हणून त्याला नीतीची गरज पडते. प्रत्येक कडीखाली लिहा: ही वरच्या कडीतून निघते, की वेगळी गृहीत धरली आहे? मंडळं अडतात ती एकाच ठिकाणी. 'जगणं' हे मापदंड आहे इथून 'माणूस म्हणून जगणं' हे मापदंड आहे इथे रँड जाते. दुसऱ्याला लुबाडून माणूस ऐंशी वर्षं जगला तर तो कोणत्या अर्थाने जगला नाही? इथे घाई करू नका, पूर्ण एक बैठक गेली तरी चालेल. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने १९७१ च्या लेखात या युक्तिवादाची कसून तपासणी केली आहे. तो लेख अकराव्या बैठकीपर्यंत राखून ठेवा. आधी वाचला तर सभासद त्याचेच आक्षेप आणतील, स्वतःचे शोधणार नाहीत.

वाचन इंग्रजीत आणि चर्चा मराठीत असेल तर शब्दवही हवीच. निम्मे वाद शब्दांमुळे होतात. 'सेल्फिशनेस'ला 'आत्महित' म्हणण्याचा मोह होतो, कारण ते ऐकायला बरं वाटतं. पण रँडने बोचरा शब्द मुद्दाम निवडला होता, म्हणून 'स्वार्थ'च ठेवा. मात्र मराठीत स्वार्थ म्हटलं की मागोमाग 'परमार्थ' येतो आणि चर्चा मोक्षाकडे वळते. रँडचा विरोध आहे तो फ्रेंच विचारवंत ऑगस्ट कॉम्तने 'अल्ट्रुइझम' म्हणून मांडलेल्या शिकवणीला, म्हणजे दुसऱ्यांसाठी जगणं हेच कर्तव्य मानण्याला. त्याला 'परार्थवाद' म्हणा. 'परोपकार' म्हटलंत तर ती अडलेल्याला मदत करण्याच्याच विरोधात आहे असा समज होतो. आणीबाणीच्या प्रसंगांवरच्या निबंधात मदतीबद्दल ती काय म्हणते ते त्याच बैठकीत काढून दाखवा. 'रीझन'साठी 'विवेक' सुचतो, पण त्या शब्दावर संतवाङ्मयातला नित्य-अनित्याचा अर्थ चढलेला आहे. 'बुद्धी' साधा आणि नेमका आहे.

'त्याग' या शब्दावर सर्वाधिक ठिणग्या उडतात. रँडच्या लेखी त्याग म्हणजे मोठं मूल्य सोडून लहान मूल्य पत्करणं. भुकेल्या मुलासाठी आई स्वतःची टोपी न घेता अन्न घेते, तो त्याग नव्हे, कारण तिला मूल जास्त मोलाचं आहे. आईच्या त्यागाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे झोंबतं. ते झोंबणं दडपू नका, पण प्रश्न नीट मांडा: ही व्याख्या खरी आहे का, की त्यागाची उदाहरणं आपोआप वगळली जातील अशी ती बेतली आहे?

पाचवी ते सातवी बैठक हितसंबंधांचे संघर्ष, हक्क, शासन आणि मालमत्ता यांवर. हे निबंध लहान आहेत, एका बैठकीत दोन बसतात. इथला नेहमीचा घोटाळा म्हणजे चर्चा चालू राजकारणावर घसरते. सूत्रधाराने पक्षाचं नाव निघताच थांबवावं आणि तत्त्व कोणतं एवढंच विचारावं.

आठवी-नववी बैठक संकल्पना कशा बनतात यावर. कठीण भाग आहे, म्हणून दर वेळी दोनच प्रकरणं घ्या. टेबल, चमचे, फळं असं समोर ठेवून मोजमाप वगळण्याची कल्पना (वस्तूंमधलं साम्य धरायचं, त्यांची नेमकी मापं सोडायची) प्रत्यक्ष करून बघितली की ती लवकर उलगडते. दहावी बैठक 'अ‍ॅटलस श्रग्ड'चा नायक जॉन गॉल्टच्या भाषणावर. ते साठेक पानांचं आहे. वाटून घ्या आणि कोणतं वाक्य निबंधांतल्या कोणत्या कडीशी जुळतं ते शोधा.

अकराव्या बैठकीत राखून ठेवलेला नोझिकचा लेख घ्या. बाराव्या बैठकीत इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल आणि आगरकर आणा. मिल 'ऑन लिबर्टी'त (१८५९) व्यक्तिस्वातंत्र्य उपयुक्ततेच्या पायावर उभं करतो आणि तसं पहिल्याच प्रकरणात सांगतो. रँडला तो पायाच मान्य नाही. मिल आणि स्पेन्सर वाचलेले आगरकर १८८८ मध्ये 'सुधारक' काढतात तेव्हा त्यांच्यासमोर जात, रूढी आणि केशवपनासारखे प्रश्न आहेत. सरकारपेक्षा समाजच व्यक्तीला जास्त दाबतो तेव्हा हक्कांची भाषा किती पुरते, हा प्रश्न या बैठकीसाठी ठेवा.

नवा सभासद मध्येच घेऊ नका. तिसऱ्या बैठकीनंतर आलेल्याला साखळी समजावण्यात बाकीच्यांचा अर्धा तास जातो. त्याचं नाव पुढच्या फेरीसाठी लिहून ठेवा, आणि तोवर त्याला प्रस्तावना व पहिलं अर्धं पान लिहायला सांगा.