वनस्पतींच्या पहिल्या मत्स्यटाकीसाठी खत आणि कार्बन
पहिल्या टाकीत अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरिन यांसारख्या संथ वाढणाऱ्या वनस्पती लावल्या असतील, तर कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर खर्च करण्याची गरज नाही. मात्र दिवा रोज ६ ते ८ तासच चालू ठेवावा. अनुबियास आणि जावा फर्न प्रामुख्याने पाण्यातून पोषण घेत असल्याने त्यांना पोटॅशियम व लोह असलेले द्रवखत सुरुवातीला बाटलीवरील मात्रेच्या निम्मे द्यावे. क्रिप्टोकोरिनच्या मुळांशी मात्र वाळूत खताची गोळी पुरावी. नवी पाने पिवळी पडू लागल्यास बहुधा लोह कमी पडलेले असते. ‘द्रव कार्बन’ म्हणून विकले जाणारे द्रावण बहुतेकदा ग्लुटराल्डिहाइडचे, म्हणजे जंतुनाशकाचे असते. ते शेवाळ रोखत असले, तरी व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची पाने त्याने विरघळू शकतात आणि मात्रा वाढल्यास मासे दगावतात, म्हणून नवशिक्याने ते टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.