गाय भरवली? आधी तारीख लिहा

गोठा कोरडा हवा, पाणी हवं, डॉक्टरांचा नंबर मोबाइलमध्ये हवा. एवढंही कुणी सांगावं लागत असेल तर गाय ठेवूच नका. मी सुरुवात करतो ती मागच्या खेपेला मला नडलं तिथून. भरवल्याची, म्हणजे गाभण राहावी म्हणून रेतन करून घेतल्याची, तारीख.

लिहिली नव्हती असं नाही. गणपतीत गाय भरवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केला. जानेवारीत नवं कॅलेंडर आलं, जुन्याची पानं घरच्यांनी डब्यांखाली अंथरली. माझ्या डोक्यात कसं कोण जाणे, 'दिवाळीनंतर भरवली' असं बसलं. त्या हिशोबानं ती ऑगस्टमध्ये व्यायला हवी होती. जूनच्या मध्यावर एका सकाळी धार काढायला बसलो, तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडलेले. दुपारी व्याली. म्हणजे जे दूध दोन महिने आधीच बंद करायला हवं, ते मी त्या सकाळपर्यंत काढत होतो! चीक पाण्यासारखा पातळ, कालवड चार वेळा उठून चार वेळा पडली, आणि त्या वेताला रोजचं दूध चार-पाच लिटरनं कमी.

तर वही करा. कॅलेंडर नाही, मोबाइल नाही, वही, आणि ती गोठ्यातच टांगलेली. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, माज (गाय भरवण्याजोगी झाल्याची लक्षणं) कधी दिसला, भरवल्याची तारीख, कांडीवरचा (वळूचं वीर्य भरलेल्या नळीवरचा) वळूचा नंबर. वळूचा नंबर अशासाठी की दोन-तीन वर्षांनी त्याच्याच कालवडीला त्याचीच कांडी भरली जाऊ नये. गाय साधारण 280 दिवस, म्हैस 310. म्हणजे 10 सप्टेंबरला भरवलेली गाय 17 जूनच्या आसपास विणार. त्याच्या 60 दिवस आधी, 18 एप्रिलला, तिला आटवायची, म्हणजे दूध काढणं बंद करायचं. ही आटवायची तारीख विण्याच्या तारखेपेक्षा मोठ्या अक्षरात लिहा. विण्याची तारीख चुकली तरी गाय वितेच, आटवायची तारीख तुमच्याशिवाय कुणी पाळणार नाही.

माजाचं बहुतेकांना ठाऊक असतं: काचेसारखा स्वच्छ सोट (योनीतून येणारा चिकट स्राव), दुसरी गाय अंगावर चढली तरी उभी राहणं. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज मुका असतो, लक्षणं फारशी दिसत नाहीत, उन्हाळ्यात तर जास्तच, त्यामुळे रात्री उशिरा आणि पहाटे एक फेरी मारा. 21 दिवसांनी पुन्हा लक्ष ठेवा. उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, तर जुनी तारीख खोडून नवी लिहा. खोडा म्हणजे खोडा, दोन्ही ठेवलीत की पुढे भांडण. अडीच-तीन महिन्यांनी गाभण तपासणी करा. 'उलटली नाही म्हणजे गाभणच' म्हणत मी तपासणीचे पैसे वाचवले. डॉक्टरांनी हात घालून किती महिन्यांची ते सांगितलं असतं, तर तारीख हरवूनही निभावलं असतं.

आटवताना खुराक कमी करा, धार बंद करा, डॉक्टरांना विचारून चारही सडांत औषधाची ट्यूब सोडा. शेवटचे तीन आठवडे खुराक हळूहळू वाढवा, पण 'विणार आहे' म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या रिचवू नका. आधी भरमसाठ दिलं की विल्यावर दुग्धज्वराचा (रक्तातलं कॅल्शियम घटून गाय बसते तो आजार) धोका उलट वाढतो.

सामान आठवडाभर आधीच एका डब्यात: टिंचर आयोडीन, दोरा, नवं ब्लेड, कोरडी पोती, बॅटरी. आठवडाभर आधी म्हणजे कधी? वहीत बघा.

पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं तर लांब बसा. एकच पाय, किंवा नुसती शेपटी दिसली तर लगेच डॉक्टर. चौघांनी दोरी लावून ओढायचं नाही. नाळ दोन-तीन इंचांवर बांधून कापा, आयोडीनमध्ये बुडवा. जार (विल्यानंतर पडणारी वार) पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही असं आमच्याकडे अजून जुनी माणसं सांगतात. ऐकू नका. पहिल्या तासातच पाजा. 30 किलोच्या वासराला पहिल्या दिवसात निदान 3 लिटर, दोन-तीन वेळा मिळून.

जार 12 तासांत पडला नाही तर डॉक्टर, लोंबणाऱ्या जाराला दगड बांधू नका. जास्त दुधाची गाय असेल तर पहिले दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका. कान गार, मान पोटाकडे वळवून बसली: डॉक्टर, लगेच. वासराला दहाव्या दिवशी जंताचं औषध. कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या रोगाची) लस, एकदाच. गाय विल्यापासून 60 दिवसांनंतर माजावर आली की भरवा, आणि तारीख लिहा. पेनानं नको, पावसाळ्यात शाई पसरते. शिसपेन सुतळीनं वहीलाच बांधून ठेवा.